प्राण्यांची जननेंद्रिये आणि हास्य : एका आधुनिक चित्रफीत-प्रकाराचा पूर्वेतिहास

इ. स. २००८ पासून इंटरनेटवर प्राण्यांच्या जननेंद्रियांविषयी लहान लहान विनोदी चित्रफिती निघू लागल्या, आणि थोड्याच वर्षांत त्यांचा एक स्वतंत्र प्रकार रूढ झाला. बदकाचे पीळदार शिश्न, तरसाच्या मादीचा नरासारखा दिसणारा अवयव, गोगलगाईने समागमापूर्वी जोडीदाराच्या अंगात खुपसलेला चुनखडीचा बाण, अशा गोष्टींची दोन-चार मिनिटांत ओळख करून द्यावयाची आणि ती देताना प्रेक्षकास मनमुराद हसवावयाचे, असे त्याचे सामान्य स्वरूप आहे. करमणुकीचा एक क्षुल्लक प्रकार म्हणून ह्या चित्रफितींची वासलात लावणे सोपे आहे. परंतु ज्या विषयावर त्या बेतलेल्या आहेत त्या विषयाचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, येथे गंभीर भाषेने ज्ञान जितके दिले तितकेच झाकूनही ठेवले. हे झाकण काढण्याचे काम हास्याने कितपत केले आणि ते करताना स्वतःची कोणती नवी झापडे आणली, हा प्रश्न विज्ञानप्रसाराच्या इतिहासात विचारणे अवश्य आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ अ‍ॅरिस्टॉटलपासून करावयास हरकत नाही. आपल्या प्राणिविषयक ग्रंथात त्याने कोळ्यांकडून ऐकलेली एक गोष्ट नोंदविली आहे. अष्टपादाच्या नराचा एक बाहू इतरांहून वेगळा असतो व तो मादीच्या शरीरात घातला जातो, असे कोळी सांगत. अ‍ॅरिस्टॉटलने ही माहिती टिपून ठेवली. मात्र प्राण्यांच्या उत्पत्तीवरील दुसऱ्या ग्रंथात तिचा अर्थ त्याने नाकारला. तो बाहू केवळ चिकटून राहण्यासाठी असून प्रजोत्पादनाशी त्याचा संबंध नाही, असे त्याचे मत पडले. कोळ्यांचे म्हणणे खरे होते. तरसाच्या बाबतीत मात्र अ‍ॅरिस्टॉटलची दृष्टी लोकांहून तीक्ष्ण ठरली. प्रत्येक तरसास नराची व मादीची अशी दोन्ही इंद्रिये असतात ही समजूत त्याने खोडून काढली व शेपटीखाली दिसणारी भेग ही योनी नसून तिला आत मार्गच नसतो, हे दाखवून दिले. त्याने पाहिलेला प्राणी बहुधा पट्टेदार तरस, म्हणजे महाराष्ट्राच्या माळरानांवर आढळतो तोच, असावा. आफ्रिकेतील ठिपकेदार तरसाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या मादीचा भगशिश्न नराच्या शिश्नाएवढा वाढलेला असतो आणि तिची प्रसूतीही त्यातूनच होते. ह्या मादीची शरीररचना मॉरिसन वॉटसन ह्याने १८७७ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या वृत्तांतात वर्णिली. म्हणजे लोकांच्या ‘उभयलिंगी तरसा’च्या दंतकथेमागे काहीतरी होते, पण ते दुसऱ्याच जातीत होते.

अष्टपादाच्या बाहूची कथा पुढे अधिकच चमत्कारिक झाली. अष्टपादाच्या आप्तांपैकी आर्गोनॉट नावाच्या प्राण्यात हा बाहू नरापासून सुटा होऊन मादीच्या शरीरातच राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञांना तो मादीत सापडला, तेव्हा तो तिच्यावर जगणारा एक परोपजीवी किडा आहे असे त्यांना वाटले. झॉर्झ क्युव्हिए ह्यासारख्या तुलनात्मक शरीररचनाशास्त्राच्या अग्रणीने १८२९ मध्ये त्याला ‘हेक्टोकोटायलस’, म्हणजे शंभर वाट्यांचा, असे किड्याला शोभणारे नाव दिले. पुढे कोलिकर ह्याने हा किडा नसून आर्गोनॉटचा संपूर्ण नरच होय असे प्रतिपादिले. प्रत्यक्ष नर सापडला व तो बाहू त्याचाच हे सिद्ध झाले ते १८५० नंतरच्या काही वर्षांत, हाइनरिख म्यूलर ह्याच्या संशोधनामुळे. किड्याचे नाव मात्र अवयवास कायमचे चिकटले. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आजही तेच वापरतात.

ह्याच सुमारास चार्ल्स डार्विन बार्नेकल ह्या खडकांना व जहाजांच्या तळांना चिकटून राहणाऱ्या कवचधारी प्राण्यांवर काम करीत होता. १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे त्याने त्यांत घातली. काही जातींच्या प्राण्यांना चिकटलेले सूक्ष्म ‘परोपजीवी’ हे वस्तुतः त्यांचेच नर आहेत असे त्याच्या लक्षात आले. कित्येक नर म्हणजे शुक्राणूंनी भरलेली पिशवीच होती. खोल समुद्रातील, डोक्यावर गळासारखा अवयव असणाऱ्या अँगलर माशाच्या बाबतीतही हाच प्रकार घडला. १९२२ मध्ये आइसलंडच्या ब्यार्नी सैमुंडसन ह्यास एका मोठ्या मादीच्या अंगास चिकटलेले दोन लहान मासे दिसले आणि ती तिची पिले असावीत असे त्याने मानले. १९२५ मध्ये ब्रिटिश म्यूझियमच्या चार्ल्स टेट रीगन ह्याने ते तिचे नर असल्याचे ओळखले. तोंडाने मादीच्या कातडीशी जडलेला हा नर पुढे तिच्या रक्तावरच पोसला जातो.

किडा, परोपजीवी, पिलू. तीन निरनिराळ्या प्राण्यांत नराचा अवयव किंवा सबंध नरच डोळ्यांसमोर असूनही तो ओळखता आला नाही. ह्याचे एक कारण साधनांचा अभाव हे होय, ह्यात शंका नाही. परंतु नर म्हटला म्हणजे तो मोठा, स्वतंत्र व संपूर्ण असावयाचा, ही मनुष्याच्या संसारावरून उचललेली कल्पनाही आड आली, असे मानण्यास जागा आहे. पुढे विनोदी चित्रफितींनी नेमक्या ह्याच प्राण्यांची निवड करावी हा योगायोग नव्हे. जेथे निसर्ग मनुष्याच्या अपेक्षेस तडा देतो तेथेच शास्त्रज्ञ चुकतो आणि तेथेच प्रेक्षक हसतो.

ओळखण्यातील चूक ही एक गोष्ट झाली. ओळखलेले दडविणे ही दुसरी. दुसरीचे ठळक उदाहरण जॉर्ज मरे लेव्हिक ह्याचे आहे. कॅप्टन स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेत हा शल्यवैद्य होता. १९११-१२ मध्ये केप अ‍ॅडेअर येथे अडेली पेंग्विनांच्या विणीचा सबंध हंगाम त्याने पाहिला. नरांचे परस्परांशी समागम, मृत माद्यांशी समागम, पिलांवरील अत्याचार हे सर्व त्याच्या नजरेस पडले. त्याला त्याचा इतका धक्का बसला की, वहीतील काही नोंदी त्याने ग्रीक लिपीत केल्या, म्हणजे त्या केवळ सुशिक्षित पुरुषानेच वाचाव्यात. १९१४ मध्ये त्याचे पेंग्विनांवरील पुस्तक निघाले, त्यात हा भाग नव्हता. मोहिमेच्या अधिकृत अहवालातूनही तो वगळण्यात आला व १९१५ मध्ये त्याच्या अवघ्या १०० प्रती, प्रसिद्धीसाठी नव्हेत असा शेरा मारून, खाजगी रीतीने छापण्यात आल्या. त्यांपैकी एक प्रत पुढे ट्रिंग येथील संग्रहालयात सापडली आणि २०१२ मध्ये ‘पोलर रेकॉर्ड’ ह्या नियतकालिकात ती प्रथमच सर्वांसमोर आली. ज्यास लेव्हिकने दुराचार म्हटले ते बहुतांशी अननुभवी पक्ष्यांनी चुकीच्या संकेतांस दिलेला प्रतिसाद आहे, असे तिच्या संपादकांनी स्पष्ट केले. पाहिल्यापासून प्रकाशापर्यंत एक शतक लोटले, ते निरीक्षण अपुरे होते म्हणून नव्हे. आणि गांभीर्याच्या ह्या आवरणाखाली केवळ तथ्य दडले असे नाही, तर त्या तथ्याचे चुकीचे नैतिक वाचनही दुरुस्त होण्यावाचून तसेच पडून राहिले. ही दुसरी हानी पहिलीहून लहान म्हणता येणार नाही.

लॅटिन व ग्रीक ह्यांच्या पडद्याला पहिले मोठे भगदाड पाडले ते चित्रपटाने. फ्रान्समधील झाँ पॅनलवे ह्याने स्टिकलबॅक माशाच्या अंड्यांवरील आपला चित्रपट १९२८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे दाखविला, तेव्हा चित्रपटासारख्या उथळ साधनाने विज्ञानाची अप्रतिष्ठा होते, अशी काही सभासदांची भावना झाली. पॅनलवेने ह्या आक्षेपाची फिकीर केली नाही. १९३४ च्या त्याच्या समुद्रघोड्यावरील चित्रपटात नराच्या पोटाच्या पिशवीतून पिले बाहेर पडताना दिसतात. तो चित्रपट सामान्य प्रेक्षकांतही गाजला. जेनेव्हिएव्ह आमाँ हिच्या सहकार्याने त्याने १९६७ मध्ये काढलेल्या चित्रपटात अष्टपादाचा समागम, आणि त्यातील तो ऐतिहासिक बाहू, हे दोन्ही दाखविले आहेत. निवेदनातील मिस्किल सूर व पार्श्वभूमीस योजलेले अनपेक्षित संगीत ह्यांमुळे पॅनलवेच्या चित्रपटांना शिक्षकी थाट कधीच आला नाही. उत्तरकालीन चित्रफितींचा खरा पूर्वज तोच होय.

ह्या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचे नाव इसाबेला रोसेलिनी हिचे आहे. नटी इंग्रिड बर्गमन व दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनी ह्यांची ही कन्या. घराण्यातही ह्या विषयाचे काही बीज होते असे म्हणता येईल. रोबेर्तोने आपल्या उमेदवारीच्या काळात माशांवर एक लघुपट काढला होता. पुढे १९५७ मध्ये तो भारतात आला, आणि त्यातून तयार होऊन १९५९ मध्ये प्रदर्शित झालेल्या भारतविषयक चित्रपटात हत्तींची जोडी जुळणे आणि त्यांच्या माहुताचे लग्न ठरणे ह्या दोन घटना त्याने शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. कन्येने ही तुलना उलट्या टोकाने धरली. तिने मनुष्यालाच प्राण्याच्या जागी उभे केले.

सनडान्स ह्या अमेरिकन वाहिनीस इंटरनेट व भ्रमणध्वनी ह्यांच्या लहान पडद्यासाठी निसर्गविषयक छोटे चित्रपट हवे होते. त्या निमित्ताने २००८ मध्ये ‘ग्रीन पॉर्नो’ ही मालिका जन्मास आली. तिचे सहदिग्दर्शन जोडी शापिरो ह्याने केले. पहिल्या मालिकेत चतुर, कोळी, मधमाशी, गोगलगाय, गांडूळ असे अंगणातले जीव होते. २००९ च्या दुसऱ्या मालिकेत देवमासा, बार्नेकल, अँगलर मासा हे समुद्रातील आले. २०१० मध्ये ‘सिड्यूस मी’ ह्या मालिकेत बदक व ढेकूण आले आणि २०१३ मध्ये मातृत्वावरील ‘मामाज’ ही मालिका निघाली. प्रत्येक चित्रफितीत रोसेलिनी स्वतःच तो प्राणी होते. आपण अमुक प्राणी असतो तर काय झाले असते, अशा कल्पनेने ती बोलावयास लागते आणि कागदाच्या, रंगीत, लहान मुलांच्या हस्तव्यवसायाची आठवण करून देणाऱ्या पोशाखात तो सर्व व्यवहार गंभीर मुद्रेने करून दाखविते. नरमाशीचे इंद्रिय समागमात तुटते व तो मरतो. ती तशीच कोसळते. बार्नेकल खडकास जखडलेला असल्यामुळे त्याला शेजाऱ्यापर्यंत पोहोचावयास शरीराच्या कितीतरी पट लांबीचे शिश्न लागते, ते कागदाचे शिश्न पडद्यावर लांबत जाते.

ह्या साध्या युक्तीचे महत्त्व कमी लेखता कामा नये. निसर्गपटांत प्राणी ‘तो’ किंवा ‘ती’ असतो आणि निवेदक अदृश्य असतो. प्रेक्षक सुरक्षित अंतरावरून पाहतो. रोसेलिनीने हे अंतर नाहीसे केले. पन्नाशी ओलांडलेल्या, एके काळी सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींचा चेहरा असलेल्या स्त्रीने नर ढेकूण होऊन मादीचे पोट भोसकणे, हे दृश्य हसवितेही आणि अस्वस्थही करते. त्या अस्वस्थतेतच मादीच्या पोटात थेट शुक्राणू सोडण्याची ढेकणाची रीत मनात पक्की बसते. शीर्षक चावट, पण आशय काटेकोर, ह्या विसंगतीवर सबंध मालिका उभी आहे. कागदाचा उपयोगही सहेतुक दिसतो. खऱ्या अवयवाचे छायाचित्र अश्लीलतेच्या प्रश्नात अडकले असते. कागदी अवयव हा शिक्षकाच्या नमुन्याच्या जातीचा आहे. रोसेलिनीने पुढे न्यूयॉर्कच्या हंटर महाविद्यालयात प्राण्यांचे वर्तन व संवर्धन ह्या विषयाचा अभ्यास करून २०१९ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. विज्ञानाकडून विनोदाकडे जाण्याची वाट परिचित आहे. उलट दिशेचा असा प्रवास विरळा.

दुसरा प्रकार झी फ्रँक ह्याचा. २०१२ पासून, म्हणजे लेव्हिकची पुस्तिका उजेडात आली त्याच वर्षापासून, त्याने ‘ट्रू फॅक्ट्स’ ही मालिका यूट्यूबवर सुरू केली. त्याचे लक्ष्य प्राण्यापेक्षा निसर्गपटाचा निवेदक हे आहे. तोच भारदस्त, संथ आवाज, पण त्यातून निघणारे शब्द भलतेच. मधूनच निवेदक स्वतःच ओशाळतो, चिडतो, सुस्कारा टाकतो. ह्या विडंबनाने निसर्गपटांच्या औपचारिकतेवर नेमके बोट ठेवले. आरंभीच्या भागांत कोटीसाठी तथ्य वाकविण्याकडे कल होता, हे मान्य केले पाहिजे. नंतरच्या भागांत संशोधकांनी पुरविलेली चित्रणे व त्यांचे साहाय्य ह्यांचा उपयोग वाढत गेला आणि भागांची लांबी व माहितीची घनता दोन्ही वाढली. रोसेलिनीची कलात्मक झेप ह्या मालिकेत नाही. परंतु तिचा प्रेक्षक अधिक मोठा आहे.

हास्य नेहमी ज्ञानाच्याच बाजूने उभे राहते असे मात्र नाही, आणि बदकाच्या प्रकरणाने हे उघड केले. बहुसंख्य पक्ष्यांना शिश्न नसतेच. बदकांना असते, आणि ते मळसूत्रासारखे पीळ असलेले असते. अर्जेंटिनातील एका जातीच्या बदकात ते ४२.५ सेंटिमीटर लांब आढळल्याचे २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर पॅट्रिशिया ब्रेनन व तिचे सहकारी ह्यांनी, आजवर जवळजवळ कोणी न विचारलेला, मादीचा प्रश्न विचारला. २००७ मध्ये पाणपक्ष्यांच्या १६ जातींवरील त्यांचा निबंध निघाला. ज्या जातींत नर माद्यांवर बळजबरी करतात त्यांत नराचे शिश्न लांब असते, आणि मादीच्या योनीत आंधळे कप्पे व नराच्या उलट दिशेचे पीळ असतात, असे त्यात दाखविले होते. पुढच्या प्रयोगात मस्कोव्ही बदकाचे सुमारे २० सेंटिमीटरांचे शिश्न एका सेकंदाच्या एकतृतीयांशाहून किंचित अधिक वेळात, ०.३६ सेकंदात, बाहेर पडते हे अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपले गेले. त्याच वेळी निरनिराळ्या आकारांच्या काचेच्या नळ्या वापरून असेही आढळले की, मादीच्या योनीसारख्या आकाराच्या नळीत त्याला अडथळा होतो. बळजबरी टाळता येत नसली तरी बीज कोणाचे रुजावे ह्यावर मादीचे काही नियंत्रण राहते, असा ह्याचा अर्थ. हे चित्रण इंटरनेटवर आले आणि त्याचे हसे होणे क्रमप्राप्तच होते.

२०१३ मध्ये त्या हसण्यास राजकीय वळण लागले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने ह्या संशोधनासाठी येल विद्यापीठास दिलेले ३,८४,९४९ डॉलरांचे अनुदान सार्वजनिक पैशाच्या उधळपट्टीचा नमुना म्हणून वृत्तमाध्यमांत गाजविले गेले, आणि सिनेटर टॉम कोबर्न ह्याच्या त्या वर्षीच्या उधळपट्टीच्या यादीतही त्याचा समावेश झाला. ही पद्धत नवी नव्हती. सिनेटर विल्यम प्रॉक्समायर ह्याने १९७५ ते १९८८ ह्या काळात अशाच संशोधनांना उपहासाचे ‘पारितोषिक’ देण्याचा परिपाठ ठेवला होता. नुसते शीर्षक वाचून लोकांनी हसावे आणि पुढे वाचू नये, हे ह्या उपहासाचे तंत्र असते. ब्रेनन हिने जाहीर लेख लिहून मूलभूत संशोधनाची बाजू मांडली. तिच्या बाजूने इतिहासातील एक दाखला अत्यंत समर्पक आहे. जनावरांच्या जखमांत अंडी घालणाऱ्या स्क्रूवर्म माशीच्या मैथुनाचा अभ्यास एडवर्ड निपलिंग व रेमंड बुशलंड ह्यांनी केला. मादी बहुधा एकदाच समागम करते, हे ध्यानी घेऊन किरणोत्साराने वंध्य केलेले नर सोडण्याची कल्पना त्यातून निघाली आणि १९५४ मध्ये क्युरासाव बेटावरून ही माशी नाहीशी करण्यात आली. उपहासास उत्तर म्हणून २०१२ मध्ये स्थापन झालेला ‘गोल्डन गूज’ सन्मान २०१६ मध्ये ह्या संशोधनास देण्यात आला.

रोसेलिनीच्या २०१० च्या बदकावरील चित्रफितीत मादीच्या योनीतील फसव्या वाटांचा उल्लेख आहे. मूळ निबंध २००७ चा. लेव्हिकच्या शंभर वर्षांशी ही तीन वर्षे ताडून पाहण्याजोगी आहेत. एकच बदक, एकच तथ्य. एका हास्याने ते समजावून दिले, दुसऱ्याने ते ऐकूच येऊ दिले नाही. दोहोंतील भेद विनोदाच्या सभ्यतेत शोधणे व्यर्थ आहे, कारण कोबर्नच्या यादीतील भाषा रोसेलिनीच्या भाषेहून सभ्यच होती. भेद इतकाच की, एका ठिकाणी हसल्यानंतर माहिती सुरू होते, आणि दुसऱ्या ठिकाणी ती संपते.

तथापि चांगल्या चित्रफितींवरही एक आक्षेप उरतो. त्यांची विषयनिवड बहुतेक नराच्या अवयवाभोवती फिरते. हा दोष केवळ विनोदकारांचा नव्हे. १९७९ मध्ये जोनाथन वाग ह्याने टाचणी ह्या चतुरासारख्या कीटकाचा नर आपल्या शिश्नाने आधीच्या नराचे शुक्राणू खरवडून काढतो हे दाखविले; १९८५ मध्ये विल्यम एबरहार्ड ह्याने जननेंद्रियांच्या वैविध्यामागे मादीची निवड असते असा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. तरीही पुढील पंचवीस वर्षांतील निबंधांची २०१४ मध्ये पाहणी झाली तेव्हा केवळ नराचा अभ्यास करणारे निबंध केवळ मादीचा अभ्यास करणाऱ्यांहून कितीतरी अधिक निघाले. त्याच वर्षी ब्राझीलच्या गुहांतील निओट्रोग्ला ह्या कीटकांत मादीला शिश्नासारखा अवयव असतो व समागम ४० ते ७० तास चालतो हे प्रसिद्ध झाले. २०१७ मध्ये त्यास विनोदी ‘इग नोबेल’ पारितोषिकही मिळाले. मादीच्या अवयवाला प्रसिद्धी लाभली, पण तो नराच्या अवयवासारखा निघाला तेव्हा.

सापांची कथा अगदी अलीकडील आहे. नर सापाच्या जोडशिश्नाची वर्णने एकोणिसाव्या शतकापासून उपलब्ध होती. मादीचा भगशिश्न मात्र नऊ जातींत पद्धतशीरपणे तपासून वर्णिला गेला तो २०२२ च्या डिसेंबरात, ऑस्ट्रेलियातील मेगन फोलवेल व तिच्या सहकाऱ्यांकडून. त्यापूर्वी कोणी त्याला गंधग्रंथी समजले होते, तर कोणी अविकसित राहिलेले नराचे इंद्रिय.